गावचे सतरा गरम कपडे

मंचेरियल
२ एप्रिल १९८६

सौ. कौशल्यावहिनीस,
वनमालाचा नमस्कार. बातमी मोठी आहे, उभ्याउभ्या वाचू नका, आधी बूड टेका. ह्यांना ऑफिसातून प्रवासाची रजा मंजूर झाली आणि आम्ही बद्रीनाथला चाललो. मंचेरियलहून तीस जणांचा जथा १८ मेला निघतो. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे बस. सासूबाईंचं नाव लिहिलं होतं, पण त्यांचे गुडघे नाही म्हणतात. त्यांच्या जागी तुम्ही यायचं. जथ्याच्या मॅनेजरच्या वहीत मी तुमचं नाव लिहूनही आले. दादाला विचारा आणि लगेच कळवा.

आता पुढचं नीट वाचा, कारण तुम्ही अर्धं वाचता आणि अर्धं आपल्या मनाचं करता. तिकडे मे महिन्यातही बर्फ असतं. एका माणसाला एक पिशवी आणि एक वळकटी, त्याच्यावर काही नाही. मॅनेजर ताणकाटा घेऊन उभा राहतो, वळकटी तोलत नाही, पण दहा किलोच्या वर पिशवी गेली की फलाटावरच उघडायला लावतो. मागच्या साली एका बाईचा पाटा-वरवंटा निघाला होता. दोन स्वेटर, लोकरीचे मोजे, कानटोपी, मफलर आणि कॅनव्हासचे बूट आणा. अनवाणी मुळीच चालणार नाही, तुमची सवय मला ठाऊक आहे. नऊवारी आणू नका, चढावर पायात येतं. पाचवारी नेसा आणि आतून पायजमा घाला. विकत काही घेऊ नका, गावात ज्याच्याकडे असेल त्याचं मागून घ्या. चार दिवसांसाठी कोण नाही म्हणणार?

तुमची,
वनमाला

जैनथ
९ एप्रिल

वनूबाईस कौशल्याचा नमस्कार,
तुमचं पत्र वाचलं आन मी खरंच खाली बसली. लगन होऊन एकतीस वर्सं झाली. माहूर पायलं, बासर पायलं, आन एकडाव दातासाठी निर्मल. बाकी मी कापसात आन गोठ्यात. डोंगर म्हणून जे काय असते ते मी फक्त क्यालेंडरावर पायलं. मले यायचं हाय. लय यायचं हाय. एवढं कोणत्याच गोष्टीचं मले कधी वाटलं नाही, लग्नाचंबी नाही, तुमच्या दादाले सांगू नका.

दादाले इचारलं. ते हूं म्हणले.

यापुढं पत्र शेजारच्या राहीबाईच्या पत्त्यावर टाकत जा. हे तं पोस्टमननं माह्याच हाती देलं, नाहीतं आमच्या घरी पत्र आलं का तुमचे दादा मोठ्यानं वाचतात, बैलाईले सुदिक ऐकू जाते.

कपडे मागाले सुरुवात केली. राहीबाईनं पोरीचं गुलाबी स्वेटर देलं. म्हणे, "देवापुढं हे अंगात घालजा, माह्या नावानं." मी हो म्हणलं. आपल्या गावची रीत तुमाले ठावकीच हाय. कोणी पैनगंगेवर संक्रांतीच्या आंघोळीले निंगालं का आजारी माणसाचं धडुतं त्याच्या संग देतात. ते पाण्यात बुचकळलं का घरी खाटेवर पडलेल्याची आंघोळ झाली. तसंच हे. स्वेटर वर गेलं का राहीबाई वर गेली. यात काय वाईट हाय?

पायजम्याचं मात्र कठीण हाय. आमच्या घरात पायजमा कोणाचाच नाही. तुमचे दादा धोतर नेसतात.

कौशल्या

ता. क. राहीबाईनं गावात सांगितलं. सांजेपर्यंत नऊ कपडे झाले.

मंचेरियल
१६ एप्रिल

वहिनी,
नऊ? मी स्वेटर मागायला सांगितलं होतं, गाव उचलून आणायला नाही. त्यातले दोन ठेवा आणि सात परत करा. उद्याच्या उद्या.

इथे आमच्या बायकांची रोज बैठक होते. एकीनं फुलाफुलांचं नवं कार्डिगन घेतलं, दुसरीनं थर्मास घेतला. सगळ्यांना माहीत आहे की माझ्या वहिनी येणार. मी त्यांना सांगितलं, आमच्या वहिनी साध्या आहेत पण व्यवस्थित आहेत. मला तोंडावर पाडू नका. खरं सांगायचं तर त्या बायकांसंग बारा दिवस काढायचे म्हणजे माझ्या जिवावर येतं. तुम्ही असल्या तर कोणीतरी माझ्याशी भांडेल तरी. त्या फक्त हसतात.

बूट मिळाले का? पायात घालून रोज थोडं चाला, नाहीतर फोड येतील.

वनमाला

जैनथ
२३ एप्रिल

वनूबाईस नमस्कार,
सतरा झाले. आधी वाचा, मंग बोंबला.

परत करासाठी मी निंगाली होती, खोटं नाही सांगत. पण द्वारकाबाईची शाल परत केली तर ते म्हणे, "जयवंताबाईचा मफलर चालते आन माही शाल चालत नाही व्हय?" त्या दोघी बोअरच्या पाण्यावरून तीन साल झाले बोलत नाहीत. म्हणून शाल ठेवली. शाल ठेवली तं जयवंताबाईनं मफलरासंग नवऱ्याची बंडी पाठवली, काऊन का एका घरातून दोन नग गेले पायजेत. खुशाल धनगरानं घोंगडं देलं. त्याले नाही म्हणता येते का? जन्मात त्यानं कोणाजवळ काही मागितलं नाही. आन यशवंतरावानं त्याच्या बापाचा ओव्हरकोट देला. बाप निजामाच्या वक्ताले तहसिलीत चपराशी होता. पितळेचे बटन हायेत, वजन बोकडायेवढं. म्हातारा मरून वीस वर्सं झाली. यशवंतराव म्हणे, "बापाचं दर्शन राह्यलं, वहिनी. त्याले घेऊन जा." आता सांगा, मेलेल्या माणसाले मी कोणत्या तोंडानं परत पाठवू?

बूट मिळाले. गोठ्यात घालून चालून पायलं. म्हशीनं वळखलंच नाही मले, दोन दिवस दूध चोरलं.

आता आणखी एक सांगते, रागावू नका. परवा दुपारी ऊन रटरट तापलं होतं, घरात कोणी नव्हतं. म्हणलं, सगळे कपडे एकावर एक बसतात का ते पाहून घ्यावं. खालून स्वेटरं, मंग बंडी, मंग शाल, वरून ओव्हरकोट, कानटोपी आन मफलर. हात खाली येऊन नाही राह्यले. तेवढ्यात तुमचे दादा शेतातून आले. दारातच उभे. "काय झालं वो तुले?" म्हणे. माह्या तोंडून निंगून गेलं, "हिव आलं."

मंग काय. त्यायनं मले तशीच खाटेवर निजवलं, वरून आणखी गोधडी टाकली. मी भाजून निंघाली बाप्पा. कंपाउंडर आला, त्याच्या तेलुगूत चलिज्वरं चलिज्वरं म्हणून हिवतापाच्या गोळ्या देऊन गेला, कडू जहर. कान वाजून राह्यले. हिव उतरलं म्हणावं तं तुमचे दादा कपडे परत द्या म्हणतीन, आन नाही म्हणावं तं गोळ्या खा लागतात. म्हणून रोज दुपारी थोडंसं हिव आणते.

कौशल्या

पोस्टकार्ड
जैनथ, २८ एप्रिल

चि. वनमालास अनेक आशीर्वाद. इत्तला देण्याचं कारण की तुझी वहिनी आजारी आहे. या कडक उन्हात हिला रोज दुपारी हिव भरतं. साऱ्या गावचे कपडे मागून आणून अंगावर घालते तरी भागत नाही. कोणा चपराशाचा कोटही घालते. रक्त तपासलं, साफ आहे. डॉक्टर म्हणतात हवा बदला, थंड मुलखात न्या. मला हा मामला समजत नाही. रात्र रात्र झोप नाही. तुझे यजमान नोकरदार आहेत, तुम्हाला थंड मुलखाची माहिती असेल. फौरन कळव.

पांडुरंगराव

मंचेरियल
२ मे
(राहीबाईंच्या पत्त्यावर)

वहिनी,
दादाचं कार्ड आलं. म्हणजे तुम्ही त्याला विचारलंच नाही! "हूं म्हणले" म्हणे! कशाला हूं म्हणाला तो, आमटीला?

वर डॉक्टरलाही गुंडाळलंत. मी कार्ड वाचलं आणि आधी कपाळावर हात मारला, मग इतकं हसू आलं की हे ऑफिसातून घरी आलेले मला दिसलेच नाहीत. मग दादाची झोप उडाली हे पुन्हा वाचलं आणि वाईट वाटलं. बरा आहे तो तसा. ओरडतो, पण बरा आहे.

आता झालं ते झालं. मी दादाला आजच लिहिलं की आमच्या जथ्यात एक जागा योगायोगानं रिकामी आहे, बद्रीनाथची हवा थंड आहे, आजारी माणसाला मानवते. दादाशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. दोन कागद फाडले, तिसरा पाकिटात घातला. आता तो तुम्हाला पाठवील. तुम्ही फक्त आणखी आठ दिवस नीट आजारी राहा, आणि देवाशपथ अठरावा कपडा घेऊ नका.

वनमाला

जैनथ
७ मे

चि. वनमालास आशीर्वाद. पत्र पोचलं. जागा रिकामी आहे हे वाचून समाधान झालं. विचार केला. ज्या बाईला इथल्या उन्हात हिव भरतं तिला बर्फात नेणं अकलेचं काम नाही. जागा एकच असल्यामुळे मीच येतो. रिवाजाप्रमाणे तिचं एक लुगडं संगं घेतो, ते देवापुढं ठेवलं म्हणजे तिचं दर्शन झालं, आजारही जाईल. मॅनेजरच्या वहीत तिचं नाव असेल तर खोडून माझं लिही. पायजमा लागतो का तेही कळव. कधी घातला नाही.

पांडुरंगराव

जैनथ
८ मे

वनूबाई,
तुमी काय करून ठेवलं वो? ते येऊन राह्यले! माह्या जागी! माहं लुगडं घेऊन!

काल मले म्हणे, "तू घरीच राय, आराम कर. तुह्या नावानं मी जाऊन येतो." वरून माह्या डोक्यावरून हात फिरवला. एकतीस वर्सांत त्यायनं कधी माह्या डोक्यावरून हात फिरवला नाही, आन फिरवला तं असा. मले रडू आलं. ते म्हणे, रडू नको, उतरंल हिव.

लुगड्यानं काय पायते वनूबाई? लुगड्याले डोळे हायेत का? तुमच्या दादाले सांगू नका अशी शपथ घालून मीच गावाले सांगत फिरली का कपडा गेला का माणूस गेलं. आता तेच माह्या गळ्याले लागलं. आता म्हणू कशी का नाही जात? राहीबाई तोंडाले पदर लावून हासते आन म्हणते, जाऊ दे वो, लुगडं तं चाललं ना तुह्यं.

कालपासून मी जेवण बरोबर नाही केलं. ते समजतात आजार वाढला. तुमी लिहा त्याईले खरं काय ते. तुमची बहिणीची गोष्ट हाय, तुमचं ऐकतीन.

कौशल्या

मंचेरियल
११ मे

वहिनी,
लिहायला बसले. दोनदा बसले. नाही जमलं. पंचेचाळीस वर्षांची झाले, घरात ह्यांना, पोरांना, दूधवाल्याला सगळ्यांना धाकात ठेवते, पण कागदावर "ती. दादास" लिहिलं की पुढे हातच चालत नाही. लहानपणी पाटीवर चुकलं की तो असा बघायचा! माझी लाज वाटते मला. पण हे तुमचं तुम्हालाच सांगावं लागेल.

वहीतलं नाव मी खोडलेलं नाही. १७ तारखेपर्यंत खोडणारही नाही.

आणि हो, मला एक कळत नाही. त्या सतरा कपड्यांचं काय? ते गावानं तुम्हाला दिले, अंगात घालायला. आता जाणार दादा. मग ते कोण घालणार?

वनमाला

जैनथ
१५ मे

वनूबाईस कौशल्याचा लय लय नमस्कार,
तुमी बरोबर बोट ठेवलं. तुमचं पत्र वाचलं आन मी तडक उठली. सतराच्या सतरा कपडे वट्ट्यावर मांडले आन तुमच्या दादाले म्हणलं, "जाता तं जा. पण हे माह्या हवाली केलेले हायेत. देवापुढं अंगात घाला लागतीन, नुसते ठेवून चालत नाही, तसा मी सगळ्याईले शब्द देला. आधी घालून पाहा, बसतात का."

ते म्हणे, "बायकांचे कपडे?"

मी म्हणलं, "देवाले काय बाया आन काय माणसं. माहं लुगडंबी नेसा लागंल तुमाले."

तोवर गाव जमा झालं. जयवंताबाई म्हणे, भाऊजी, माह्या घरचे दोन नग हायेत, दोन्ही घाला. द्वारकाबाई म्हणे, शाल सगळ्यात वर पायजे, मफलराच्या खाली नाही. यशवंतराव बापाचा कोट धरून उभा, डोळ्यात पाणी. तुमचे दादा शब्दाचे पक्के. म्हणे, आणा. आन पयलं घेतलं तेच राहीबाईच्या पोरीचं गुलाबी स्वेटर. ते पोरगी सातवीत हाय.

डोकं आत गेलं. हात वर गेले. आन तिथंच अटकलं. ना वर, ना खाली. दोन्ही हात आभाळाकडं आन तोंड आत. आम्ही वढलं, खुशालनं वढलं. कैची आणली तं राहीबाई आडवी पडली, म्हणे माहं दर्शन कापू नका. मंग सगळे हासून हासून बेजार झाले तसं मी त्याईले हाताले धरून घरात नेलं, दार लावलं आन पाटावर बसवलं. दुपारचे दोन वाजले होते, पत्रा तापला होता.

ते आतून म्हणे, "कौशल्ये, तुले खरंच हिव येते का?"

वनूबाई, त्यायचं तोंड दिसून नाही राह्यलं म्हणून मले बोलता आलं. समोर दिसलं असतं तं नसती बोलली. मी म्हणलं, "नाही येत. एकडावबी नाही आलं. मले जायचं हाय. तुमी जाऊन मले नाही पुरत. माहं लुगडं जाऊन नाही पुरत. मले, मले जायचं हाय." आन मी अशी रडली का बस.

ते आतल्याआत स्वेटर वढून पाहू लागले. मले वाटलं जीव गुदमरला का काय. मंग म्हणे, "आधी काऊन नाही इचारलं?"

मी म्हणलं, "इचारलं असतं तं?"

मंग हळूच म्हणे, "इचारलं असतं तं नाहीच म्हटलं असतं मी." आन वरून, "काऊन म्हटलं असतं ते मलेच माहीत नाही. सवय."

मंग म्हणे, "काढ आता हे."

मी म्हणलं, "आधी मंजूर म्हणा."

आतून आवाज आला, "मंजूर."

खोबरेल लावून काढलं. कोपराची चामडी निंगाली थोडी. बाहेर आले, घामानं चिंब, आन माह्याकडं न पाहता म्हणे, "बूट कुठं हायेत तुहे, नाडी बांधता येते का?" येत नव्हती. त्यायनं शिकवली.

परवाच्या बसनं येते. कपडे पिशवीत नाहीत, वळकटीत बांधले. वळकटी ताणकाट्यावर धरत नाहीत असं तुमीच म्हणले होते ना?

कौशल्या

बद्रीनाथ
२५ मे १९८६

अवो,

मायना काय लिहावा समजून नाही राह्यलं. तुमचं नाव घेत नाही, आन दुसरी हाक मी कधी मारलीच नाही, म्हणून अवोच लिहिते. हे तुमाले माहं पयलं पत्र. लग्न झाल्यापासून मी एवढी दूर कधी गेलीच नाही तं लिहिणार कोणाले? हे मोठ्यानं वाचू नका.

मी बरी हाय. मंचेरियलच्या ठेसनावर वळकटी पाहून हमालानं इचारलं, आत कोण हाय. मॅनेजर दोनडाव फिरला तिच्या भोवती, पण नियमात नाही म्हणून गप बसला. वनूबाई बारा हात दूर उभ्या होत्या, जशा काय माह्या कोणीच नाहीत. दिल्लीपर्यंत तशाच. पुढं थंडी सुरू झाली तसं फुलाफुलांच्या कार्डिगनवाल्या बाईले खुशालचं घोंगडं देलं, थर्मासवालीले यशवंतरावाच्या बापाचा कोट देला. आता त्या वनूबाईले इचारतात, तुमच्या वहिनीजवळ आणखी काही हाय का. वनूबाई अशा मिरवतात का जशी काय वळकटी त्यायनंच बांधली.

डोंगर पायला. क्यालेंडरावरचा खोटा हाय. खरा लय मोठा हाय, त्याच्या अर्ध्यात ढग असतात. मी पायलं आन तशीच तोंड उघडं टाकून उभी.

काल दर्शन झालं. कपडे सगळ्याईजवळून परत घेतले. देवापुढं एकेक अंगात घातला आन नाव घेतलं. राहीबाई आली देवा. द्वारकाबाई आली. जयवंताबाई दोनडाव आली. खुशाल आला. यशवंतरावाचा बाप आला, त्याच्यासाठी जरा जास्त वेळ उभी राह्यली. मांगची लाइन वरडून राह्यली, चलो माई चलो माई. पुजारी म्हणे, "कहाँ से आयी हो?" मी म्हणलं आदिलाबाद. त्यानं नाव ऐकलेलं नव्हतं. म्हणे, "आंध्रा या महाराष्ट्र?" मी म्हणलं, दोन्हीबी.

तुमचं मात्र काही नव्हतं वो वळकटीत. तुमी देलंच नाही आन मलेबी मांगाचं सुचलं नाही. तुमचं तुमी येऊन पाहा, मी कोणाचं नाव घेऊन पुन्हा नाही दमणार.

सतरा झाले. मंग मी सगळे उतरवले. स्वेटर, शाल, कोट, कानटोपी, सगळं वनूबाईच्या हातात देलं. वनूबाई म्हणे, वहिनी मरान तुमी, निमोनिया होईल. मी आपली माह्या एका लुगड्यावर उभी राह्यली. थंडी अशी लागली का दातावर दात आपटत होते आन पाय भुईवर टिकत नव्हते. पुजाऱ्यानं माह्या तोंडाकडं पायलं. म्हणे, "माई, अब तो आगे बढ़ो, कब से खड़ी हो."

मी म्हणलं, थांबा ना बाप्पा, मी आत्ताच आली.

कौशल्या